शेजारणीची साडी, फुकटचं पातेलं

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीनं एक लिंक टाकली. ॲप घ्यायचं, नाव नोंदवायचं, आपल्या कोडवरून आठ जणांना आणायचं. त्या आठांची केवायसी पूर्ण झाली की ब्लूटूथ इयरबड्स घरपोच, एक पैसाही न देता. पुढच्या दहा मिनिटांत जे व्हायचं तेच झालं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी तीन उद्गारचिन्हं लावून ‘हे सगळं फ्रॉड असतं, लिंकला हात लावू नका’ असा फतवा काढला. भाचीनं उत्तरादाखल मैत्रिणीला आलेल्या इयरबड्सचा फोटो टाकला, खोक्यासकट. काकांनी सायबर फसवणुकीसाठी कुख्यात असलेल्या जामताराचं नाव काढलं. भाचीनं ‘काका, जग पुढे गेलंय’ असं लिहिलं. शेवटी मावशीनं दोघांनाही हात जोडलेला इमोजी पाठवला आणि ग्रुपवर पुन्हा सुप्रभात सुरू झालं.

हाच वाद मी चहाच्या टपरीवर ऐकलाय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलाय. एक बाजू ऑफर खोटी आहे हे सिद्ध करायला धावते, दुसरी ती खरी आहे हे सिद्ध करायला. ‘खरं की खोटं’ एवढं ठरलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं, असं दोघांनीही धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की वाद इथेच भरकटतो. अशी ऑफर खरी असू शकते, हे मी काकांच्या विरोधात मान्य करतो. आणि खरी असली तरी ती घेऊ नये, हे भाचीला सांगतो. कारण त्या वस्तूची किंमत आपण भरतच नाही. ती भरतात आपण ज्यांना ओढून आणतो ते आठ जण.

माझ्या लहानपणी दुपारी दोनच्या सुमारास गल्लीत बोहारीण यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. आई कपाटातून दोन साड्या, बाबांच्या दोन पँटी काढायची. बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची, काठाला जर आहे का ते चाचपायची आणि तोंड वाकडं करायची. आई पातेल्यावर टिचकी मारून पत्रा पातळ आहे म्हणायची. अर्धा तास घासाघीस, मग ‘एक शर्ट टाका अजून बाई’, मग एक चमचा वर. त्या पातेल्याला आमच्या घरात कुणी कधी ‘फुकट’ म्हटलं नाही. साड्यांवर आलेलं पातेलं म्हणायचे. काय गेलं आणि काय आलं, दोन्ही ओट्यावर समोरासमोर ठेवलेलं असायचं. आणि मुख्य म्हणजे गेलेली साडी आपल्या कपाटातली असायची. शेजारणीनं गच्चीवर वाळत घातलेली साडी उचलून आईनं पातेलं घेतलं असतं, तर त्याला काय म्हणालो असतो?

भाचीची बाजू मात्र ग्रुपवर मांडली गेली त्याहून बरीच भक्कम आहे, आणि ती आधी नीट मांडायला हवी. नवा ग्राहक मिळवायला कंपन्या पैसे ओततातच. चौकाचौकातले फलक, क्रिकेटच्या दोन षटकांमधल्या जाहिराती, सिनेनटांचं मानधन, हे सगळं शेवटी त्याच खात्यातून जातं. त्यातले काही रुपये जाहिरात संस्थेऐवजी ग्राहकाच्या खिशात पडले तर बिघडलं कुठे? सप्टेंबर २०१७मध्ये गूगलनं ‘तेज’ हे पैसे पाठवण्याचं ॲप आणलं तेव्हा मित्राला आणल्याबद्दल ५१ रुपये मिळत, आणि ते खरोखर बँकेच्या खात्यात पडत. त्याआधी वर्षभर, ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट वाटला गेला. सिमकार्डासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या. त्या रांगेतल्या माणसानं काय गमावलं? काहीच नाही. उलट कित्येक घरांत पहिला व्हिडिओ कॉल त्या फुकटच्या डेटावर झाला. त्या वेळी ‘फुकट कुणी काही देत नाही’ म्हणत घरी बसलेले शहाणे सात महिने पैसे भरत बसले.

दुसरा मुद्दा वेळेचा. ‘हजार-दीड हजाराच्या वस्तूसाठी वीस तास घालवतेस, लाज नाही वाटत?’ असं काका म्हणाले. वीस तासांत पंधराशे म्हणजे ताशी पंचाहत्तर रुपये. काकांना हा दर हास्यास्पद वाटतो, कारण त्यांना पेन्शन आहे. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या, सुट्टीत कापडदुकानात दिवसभर उभं राहून चारशे रुपये मिळवणाऱ्या पोरासाठी हा दर वाईट नाही, बसल्या जागी तर नाहीच. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसा नाही, त्याला ‘वेळ वाया घालवू नकोस’ हा सल्ला देणं म्हणजे भरल्या पोटी उपासाचं महत्त्व सांगणं. हा आक्षेप मी सोडून देतो. कटकट परवडते का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पण कटकट येते कुठून, हे तरी बघाल की नाही? फॉर्म अडकतो, कोड लागू होत नाही, सातवा मित्र मोजला जातो आणि आठवा ‘प्रलंबित’ दिसत राहतो, तक्रार केली की यंत्रमानव गोड बोलून पुन्हा पहिल्या पानावर नेऊन सोडतो. आपण याला गलथानपणा समजतो. माझ्या मते हाच धंद्याचा पाया आहे. शंभरातल्या नव्वदांनी वाटेत दम सोडला, तर दहांना वस्तू देणं परवडतं. नव्वदांची नावं, नंबर, ओळखी तोवर जमा झालेल्याच असतात.

हे गणित उघडं पडल्याचं एक उदाहरण ब्रिटनमधलं आहे, इंटरनेट घराघरांत पोचण्याच्या आधीचं. १९९२ साली हूवर या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीनं जाहीर केलं की शंभर पौंडांची खरेदी करा आणि अमेरिकेची जाऊन-येऊन दोन विमान तिकिटं फुकट घ्या. तिकिटांची किंमत खरेदीच्या कितीतरी पट होती. हा आतबट्ट्याचा व्यवहार कंपनीनं का मांडला? कारण तिकिटापर्यंत पोचायला पत्रांमागून पत्रं, फॉर्मांमागून फॉर्म आणि तारखांचे पर्याय अशी अडथळ्यांची शर्यत होती, आणि बहुतेक लोक मध्येच कंटाळतील असा हिशेब होता. लोक कंटाळले नाहीत. घरात व्हॅक्यूम क्लीनर नको असलेल्यांनीही तो घेतला, फॉर्म भरले, चिकाटी धरली. कंपनीला जवळपास पाच कोटी पौंडांचा फटका बसला, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं आणि १९९५मध्ये कंपनीचा युरोपातला कारभार एका इटालियन कंपनीला विकावा लागला. ही गोष्ट लोक ग्राहकांचा विजय म्हणून सांगतात. मला तिच्यातली कबुली जास्त महत्त्वाची वाटते: ऑफर यशस्वी व्हायची असेल तर ग्राहक थकायलाच हवा. तो थकला नाही तर ऑफर कोसळते. हूवरचा धडा नंतरच्या सगळ्यांनी घेतला आणि अडथळे जास्त बारकाईनं रचले.

आपल्याकडचं सौम्य उदाहरण हवं असेल तर २०१९ची दिवाळी आठवा. गूगल पेवर पाच चित्रं जमवायची होती. पाचही जमली की २५१ रुपये. पणती मिळत होती, कंदील मिळत होता, फूल मिळत होतं. रांगोळी मिळत नव्हती. ऐन दिवाळीत, अंगणात रांगोळी काढून झाल्यावर लोक फोन हातात घेऊन अनोळखी माणसांकडे रांगोळी मागत फिरत होते. जत्रेतल्या रिंग टाकायच्या दुकानात साबणावर रिंग बसते, कंगव्यावर बसते, घड्याळाच्या ठोकळ्यावर तेवढी बसत नाही, हे ज्यानं लहानपणी खिशातल्या चार आण्यांनिशी अनुभवलंय त्याला ती रांगोळी लगेच ओळखू आली असेल. (जाता जाता आकडेही बघा: ५१, २५१. वर शकुनाचा एक रुपया. आहेराच्या पाकिटाचं सोंग घेतलेली जाहिरात आपण उघडून बघणारच, हे कुणीतरी नीट ओळखलंय.)

आता आठ जणांच्या अटीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. क्षणभर समजा की ऑफर शंभर टक्के प्रामाणिक आहे, कुणाचाही फॉर्म अडकत नाही आणि प्रत्येकजण चिकाटीचा आहे. नियम असा की वस्तू हवी तर पाच जण आणा. आठही नको, पाचच धरू. प्रत्येक माणूस कुणातरी एकाच्याच खात्यात मोजला जातो. मग शंभर जण सामील झाले तर जास्तीत जास्त किती जणांचे पाच-पाच पूर्ण होतील? विसांच्या वर जाणं शक्यच नाही. उरलेल्या ऐंशींनी कितीही धडपड केली तरी त्यांना काही मिळणार नाही. ते आळशी किंवा अडाणी म्हणून हे होत नाही. एकाच्या वस्तूसाठी पाच माणसं लागतात एवढंच त्याचं कारण आहे. पाचांनी पाच आणले, त्यांनी पुन्हा पाच, असं खाली जात राहिलात तर तेराव्या पायरीवर १२२ कोटी माणसं लागतात. म्हणजे अख्खा भारत रिकाम्या हातानं उभा करावा तेव्हा बाराव्या पायरीवरच्यांना इयरबड्स. ‘माझ्या मैत्रिणीला मिळालं’ हा पुरावा खरा असतोच. पण तो पुरावा मैत्रिणीच्या खाली उभ्या असलेल्या लोकांना मोजत नाही.

मुंबई राज्यानं हे गणित कागदावरही पाहिलेलं आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांची मोठी लाट होती. थोडी प्रवेश फी भरा, कोडं सोडवा, हजारोंची बक्षिसं जिंका. घराघरांत पेन्सिली झिजत होत्या. तेव्हाही वाद असाच चुकीच्या जागी अडला होता: हे कौशल्य की नशीब? कोडं सोडवणारा म्हणे, मी डोकं वापरतोय, याला जुगार कसं म्हणता? मुंबई सरकारनं १९४८मध्ये कायदा करून या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५७मध्ये न्यायालयानं जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धा म्हणजे राज्यघटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निर्वाळा दिला. पण मला त्या निकालापेक्षा केंद्राच्या १९५५च्या बक्षीस स्पर्धा कायद्यातले दोन आकडे जास्त बोलके वाटतात. महिन्याच्या बक्षिसांची एकूण किंमत १,००० रुपयांच्या वर नको आणि एका स्पर्धेला २,०००हून अधिक प्रवेशिका नकोत. कायदा करणाऱ्यांनी कोडी सोडवणाऱ्यांना शहाणपण शिकवायचा नाद सोडला आणि गर्दीलाच कात्री लावली. रोग माणसाच्या लोभात नसून गर्दीच्या आकारात आहे, एवढं त्यांना कळलं होतं. गर्दी छोटी केली की धंद्यातला रसच जातो. आज रेफरलवाल्या ॲपला ‘दोन हजारच माणसं’ म्हणून बघा, दुसऱ्या दिवशी इयरबड्स गायब होतील.

यावर भाचीचं उत्तर तयार होतं आणि ते ग्रुपवर सगळ्यांना पटलंही: ‘मामा, नंबर तर आधीच सगळ्यांकडे आहेत. दूधवाल्याकडे आहे, मॉलमध्ये बिल करताना देतो, सोसायटीच्या गेटवर वहीत लिहितो. मी अजून एका ठिकाणी दिला तर काय मोठं?’ मला हा युक्तिवाद सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो निम्मा खरा आहे. नुसता नंबर खरंच कवडीमोल झालाय. पण ॲपला नुसता नंबर नको असतो. नंबर हवा तर तो घाऊक भावानं बाजारात मिळतो, त्यासाठी इयरबड्स वाटायची गरज नाही. ॲपला हवी असते ती नंबराला चिकटलेली ओळख. हा नंबर अमुकच्या मावशीचा, आणि ती अमुकच्या शब्दाखातर केवायसीचा फोटो काढून पाठवते. अनोळखी माणसानं पाठवलेली लिंक मावशी उघडत नाही. भाच्यानं पाठवलेली उघडते. त्या दोहोंतला जो फरक, त्याची किंमत म्हणजे इयरबड्स.

आपल्या समाजाला हे कळत नव्हतं असंही नाही. लग्नात आहेराची वही असते. कुणी किती पाकीट दिलं, कुणी पातळ दिलं, कुणी कुकर, सगळं नावानिशी लिहिलेलं, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढंच परत करायचं. भेट ही परतफेडीची गोष्ट आहे आणि परतफेड आपल्याला करायचीय, हे त्या वहीत स्पष्ट असतं. आपण घेतलेल्या आहेराची फेड शेजाऱ्यानं करावी अशी वही मी अजून पाहिलेली नाही.

ही नुसती माझी भीती आहे असं वाटत असेल तर अमेरिकेत २००४च्या सुमारास गाजलेलं फ्री-आयपॉड प्रकरण बघा. ग्रॅटिस इंटरनेट नावाच्या कंपनीची योजना साधी होती: प्रायोजकांपैकी एकाची सेवा घ्या, तसंच करणारे पाच मित्र आणा, आयपॉड घरी येईल. तिथेही हाच वाद रंगला आणि ‘हे खोटं आहे’ म्हणणारे हरले, कारण आयपॉड खरोखर घरी येत होते. काकांची बाजू तिथेच निकाली निघाली म्हणायची. मग २००६च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी कंपनीवर खटला भरला. आरोप आयपॉड न दिल्याचा नव्हताच. आरोप असा होता की ‘तुमची माहिती कुणालाही विकणार नाही’ असं वचन देऊन कंपनीनं सुमारे ७० लाख लोकांची माहिती ईमेलवरून जाहिराती पाठवणाऱ्यांना विकली. ती माहिती वापरणाऱ्या डेट्रान मीडिया या कंपनीनं त्याच महिन्यात ११ लाख डॉलर भरून आपलं प्रकरण मिटवलं. आयपॉड मिळालेले त्या ७० लाखांत किती असतील? आणि मित्राच्या शब्दाखातर नाव घालून काहीच न मिळालेले किती? वर पाचांचं गणित मांडलंच आहे.

दोन वर्षांनी, २००८मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं व्हॅल्यूक्लिक या कंपनीकडून २९ लाख डॉलर वसूल केले. तिथेही ‘फुकट’ लॅपटॉप आणि आयपॉडच्या वाटेवर एकामागून एक विकतच्या सेवा घ्यायला लावल्या जात होत्या.

आता काकांकडे वळतो, कारण ‘सगळं फ्रॉड’ या त्यांच्या पालुपदानं नुकसानही होतं. २०१६च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांचा ‘फ्रीडम २५१’ स्मार्टफोन जाहीर झाला. नोएडाची कंपनी, थाटाचा समारंभ, व्यासपीठावर ज्येष्ठ नेते. सकाळी नोंदणी उघडली आणि वेबसाइट कोलमडली. सात कोटींहून अधिक नोंदण्या झाल्याचा दावा कंपनीनं केला. मुंबईचे खासदार किरीट सोमय्या यांनी हा घोटाळा आहे असं तेव्हाच म्हटलं. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगानं लपवलेलं होतं. रंग खरवडला की खालची अक्षरं दिसायची. पुढच्याच वर्षी कंपनीच्या संस्थापकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. एवढं सगळं घडूनही ‘पंतप्रधान मोफत लॅपटॉप योजना’ किंवा वर्धापनदिनानिमित्त मोटारगाडी देणारं फिरतं चाक, असले संदेश फिरायचे थांबले का? पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती संस्थेच्या फॅक्ट चेक विभागाला मोफत लॅपटॉपचा संदेश पुन्हा पुन्हा खोटा म्हणून जाहीर करावा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा येतो.

का येतो? काका म्हणतील, लोक मूर्ख आहेत. मला वाटतं, लोक शिकलेले आहेत. खऱ्या ऑफरनीच त्यांना शिकवलंय. नाव भरा, नंबर भरा, दहा ग्रुपवर पाठवा, हिरवी पट्टी भरत जाताना बघा, शेवटी कुरिअरचे नव्व्याण्णव रुपये भरा. ही सवय एकदा खऱ्या इयरबड्सनी लावली की खोट्या लॅपटॉपवाल्याला वेगळी मेहनत पडत नाही. तो तोच फॉर्म उचलतो. त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या पोरीला इयरबड्स आलेले डोळ्यांनी बघितले की ‘सगळं फ्रॉड’ म्हणणारे काका खोटे ठरतात. लांडगा न येता ओरडणाऱ्या पोराचं जे झालं तेच त्यांचं होतं. उद्या ते खऱ्या धोक्याबद्दल ओरडतील तेव्हा भाची फोन सायलेंटवर टाकेल. आणि पैसे गेल्यावर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, एवढी एकच उपयोगी माहिती त्या गोंधळात ग्रुपवर कुणीच टाकली नव्हती.

कायदा काय करतो? कागदावर पुष्कळ करतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एकूण व्यवहारात घेतलेल्या रकमेतूनच किंमत वसूल करून वस्तू फुकट दिल्याचा भास निर्माण करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जून २०२२च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि वस्तू आणण्याचा किंवा पोचवण्याचा खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही मोजावं लागत असेल तर ‘फुकट’ हा शब्द वापरता येत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणारी ॲप-वेबसाइटची मांडणी, रोखण्यासाठी आलेल्या नियमावलीत तर, विकत घेतलेली किंवा घ्यायची सेवा वापरण्यासाठी आपल्या संपर्कातल्या लोकांचे तपशील द्यायला लावणं, हे सक्तीच्या कृतीचं उदाहरण म्हणून दिलेलं आहे. वाचताना बरं वाटतं. पण यातलं ‘मोजावं लागणं’ म्हणजे व्यवहारात रुपये मोजणं, आणि सक्ती म्हणजे ज्यानं पैसे टाकलेत किंवा टाकणार आहे त्याच्यावरची सक्ती. इयरबड्सवाला म्हणतो, मी रुपया घेतला नाही, सक्ती तर नाहीच; तुम्हीच हौसेनं आठ जण आणलेत. ते आठ जण या व्यवहारात कोण? ग्राहक? साक्षीदार? मला तर ते बोहारणीच्या गाठोड्यातले कपडे वाटतात. गाठोड्यातल्या कपड्यांना कोणतं ग्राहक न्यायालय दाद देईल?

मग सगळंच नाकारायचं का? मुळीच नाही, आणि इथे मी पुन्हा भाचीच्या बाजूला जातो. धुण्याच्या पावडरीवर बादली मिळत असेल आणि पावडर मला लागणार असेल, तर बादली मी घेतो. आमच्या न्हाणीघरात अशा तीन आहेत. जिओचं सिम मी घेतलं होतं. २०१७मध्ये जिओचा फोन ‘फुकट’ म्हणून आला, तेव्हा त्यासाठी १,५०० रुपये अनामत ठेवायची आणि तीन वर्षांनी फोन परत केला की ती मिळणार, हे सांगितलेलं होतं. याला फुकट म्हणावं का यावर भांडता येईल, पण अडकणारे पैसे माझे होते, तीन वर्षं माझी होती, गरज मला माझ्यापुरती तोलता येत होती. हा बोहारणीचा व्यवहार झाला. पातेलं पातळ निघालं तर बडबड ऐकायची ती आपणच. माझा आक्षेप फक्त त्या एका ओळीला आहे, ‘मित्रांना आमंत्रित करा’. तिथून पुढे कपाट आपलं राहत नाही.

हे सगळं मी एवढ्या ठामपणे लिहितोय त्यामागे थोडी अपराधी भावना आहे. सहा-सात वर्षांपूर्वी मीसुद्धा एक फिटनेस बँड मिळवला होता. दहा जणांची अट होती. नऊ ऑफिसातले झाले, दहावा मिळेना. मावशीला फोन केला. तिला नवा स्मार्टफोन घेऊन महिनाच झाला होता. मी तिला ओळीओळीनं सांगत गेलो, आता इथे दाब, आता आधारचा फोटो काढ, आता ‘ॲलाऊ’ म्हण. तिनं एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी. बँड आठ दिवसांत आला. वर्षभरात त्याचा पट्टा तुटला आणि तो खणात गेला. चार्जर कुठे आहे देव जाणे.

परवा, ग्रुपवरचा तो वाद विझल्यावर, मावशीचा फोन आला. इयरबड्सबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं. दुपारी जरा डोळा लागला की कर्जवाल्यांचा फोन येतो, अजूनही येतो, कधी बाई असते कधी बाप्या. ‘नको म्हणते रे मी. पण त्यांना तुझं नाव माहितीये. तुझ्या ओळखीतले आहेत का? मग एकदम कसं तोडून बोलायचं?’